वामनकाकांनी दुकान वाढवलं

सौंसरच्या बाजारात मी एकदा वांग्यांचा भाव विचारला. भाजीवाली मेथीवर पाणी शिंपडत होती. वर न पाहताच म्हणाली, "सेल संपला का वो तुमचा?" मला काही कळेना. मग तिनं मान वर केली, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अवो, हे पाह्य, साड्याच्या सेलवाली बाई! मले वाटलं चांगली उंचपुरी असंन."

तर ही माझी ओळख. चेहरा फारसा कुणाला माहीत नाही, आवाज मात्र पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत घरोघरी जाऊन आलेला आहे. रिक्षाच्या टपावर भोंगा लावून "खुशखबर! खुशखबर!" म्हणत जी बाई भर दुपारी तुमची झोप मोडते, ती मीच. त्यासाठी लोकांनी मला शिव्याही दिल्या असतील. रिक्षा पुढे निघून जाते, त्यामुळे त्या माझ्यापर्यंत पोचत नाहीत, हा या धंद्याचा एक फायदा आहे.

आमच्या घरचं बिछायत केंद्र. मांडव, खुर्च्या, गाद्या, मोठी पातेली आणि भोंगे भाड्यानं देणं हा आमच्या ह्यांचा व्यवसाय. भोंग्यासोबत बोलणारा एक माणूसही आम्ही पुरवत असू. एका कापड दुकानाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याचा घसा बसला आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अवो, घरात बोलतेस तेच माईकवर बोल. सगळं गाव ऐकंन." टोमणा होता, पण मी तो मनावर घेतला. तेव्हापासून बोलते आहे. आधी रिक्षात बसून बोलायची, आता घरीच फोनवर रेकॉर्ड करते. त्यासाठी आमच्या गोदामात गाद्यांच्या थप्प्यांच्या मधोमध एक स्टूल टाकलं आहे. गाद्या बाहेरचा सगळा आवाज गिळून टाकतात. उन्हाळ्यात तिथे बसलं की जीव उकडून निघतो, पण आवाज स्वच्छ येतो.

लोकांना वाटतं, यात काय मोठं आहे, माईक धरायचा आणि ओरडायचं. तसं नाही. रिक्षा एका दारासमोरून किती वेळात जाते? बाई तांदूळ निवडता निवडता मान वर करते, तेवढ्या वेळात. तिच्या कानावर तुमचं एखादं वाक्य पडतं, पुढचं शेजारणीच्या वाट्याला जातं. म्हणून भोंग्यावरचं प्रत्येक वाक्य एकटं उभं राहिलं पाहिजे. "म्हणूनच", "त्याचप्रमाणे" असले शब्द तिथे चालत नाहीत, कारण कशाचप्रमाणे ते मागच्या गल्लीत राहिलेलं असतं. "नाही" हा शब्द तर मी भोंग्यावर कधीच येऊ देत नाही. एका भांडेवाल्यानं "असा स्वस्त माल कुठेच मिळणार नाही" असं लिहून आणलं होतं. अर्ध्या गावानं ऐकलं, "माल मिळणार नाही."

आमची रिक्षा शेषराव चालवतो. भोंग्याच्या रिक्षेवर ड्रायव्हरलाही जाहिरात कळावी लागते, आणि शेषरावला ती कळते. चौकात कुठे थांबायचं, शाळेपाशी आणि दवाखान्यापाशी आवाज कधी बंद करायचा, कुणाच्या दारी मयत झाली आहे, हे त्याला सांगावं लागत नाही. रिक्षा तो इतकी हळू चालवतो की सायकलवाले पुढे जाताना त्याची थट्टा करतात.

आमच्या भागात आणखी एक पेच आहे. राज्य मध्य प्रदेश. दुकानांच्या पाट्या हिंदी, कचेरी हिंदी, आणि चुलीपाशी मराठी. एकाच घरात बाप पेपर हिंदी वाचतो आणि भांडतो मराठीत. त्यामुळे माझी जाहिरात दोन्ही कानांनी ऐकून पाहावी लागते. हा धडा मला एका कोचिंग क्लासवाल्या सरांनी दिला. ते बाहेरून आलेले, भारी विद्वान. त्यांनी लिहून आणलं, "आपके बच्चों की शिक्षा, यही हमारी चेष्टा." मी म्हटलं, सर, हे जरा बदलू या. ते म्हणाले, "मॅडम, यह शुद्ध हिंदी है." ते तर होतंच. शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण रिक्षा जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावात शिरली आणि ओट्यावरची एक आजी शेषरावला थांबवून म्हणाली, "पोराईले शिक्षा बी करते अन् वरून त्याईची चेष्टा बी करते? कोन पाठवंन रे बावा त्या मास्तरकडं?" त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य एकदा हिंदीत म्हणून पाहते, एकदा मराठीत. दोन्हीकडे अर्थ सरळ निघाला की मगच रेकॉर्डिंग सुरू करते.

माझा भाचा नागपूरला जाहिरात कंपनीत आहे. त्यांच्याकडे विचार सुचावा म्हणून एक वेगळी खोली आहे म्हणे, तिच्यात रंगीत उशा टाकल्या आहेत. तो मला विचारतो, "मावशी, तुला आयडिया कुठून येतात?" मी म्हणते, येत नाहीत रे, मी उचलून आणते. तिगावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी जणी संत्री खात होत्या. एक दुसरीला म्हणाली, "एवढं गोड हाय का हात धुवावासा नाई वाटत." झालं. पुढच्याच आठवड्यात एका बागवाल्यानं रस्त्याकाठी संत्र्यांचा स्टॉल लावला, त्याच्यासाठी मी म्हटलं, "खाऊन पाहा, हात धुवावासा वाटला तर सांगा!" लोक गाड्या थांबवून बोटं चाटत उभे. माझी हुशारी एवढीच की त्या दोघी बोलत असताना मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले नव्हते.

आणि मोहगावचा तो शेतकरी मी जन्मात विसरायची नाही. त्याचा बैल हरवला होता. ढवळा, एक शिंग जरा वाकडं. जाहिरात रेकॉर्ड करायला आला आणि गोदामात गाद्यांवर बसून रडायलाच लागला. मधूनमधून त्या बैलाला नावानं हाक मारायचा, जसा काही तो दाराबाहेरच उभा आहे. मला वाटलं, माझं बोलणं गेलं खड्ड्यात, हेच घेऊ या. मी फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "दादा, तुमी बोलवा त्याले." शेषराव ती हाक वाजवत आसपासच्या शिवारांतून फिरला आणि एका नाल्यापाशी झुडपातून बैल बाहेर आला. रिक्षा थांबवली तर तोही थांबे, चालू केली की मागे चालू लागे. असा तो भोंग्याच्या मागे मागे घरी गेला. ग्राहक गाडीमागे चालत आलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

आता मूळ गोष्टीकडे येते, वामनकाकांच्या.

वामनकाकांचं पांढुर्ण्यात बांगड्यांचं दुकान आहे. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. या अंकात जाहिरात द्यायची असेल तर त्यांनी रीतसर द्यावी. दुकान म्हणजे एक शटर, काचेचं काउंटर आणि मागे छतापर्यंत बांगड्यांचे खोके. काका स्वतः बांगड्या भरतात. आजकाल मोजून पाकीट देणारेच जास्त, हातात भरून देणारे कमी. काका तुमचा पंजा हातात घेतात, अंगठ्याच्या मुळाशी जरासं दाबतात, तुमच्या माहेरची विचारपूस करतात, आणि तुम्ही उत्तर देत असताना बांगडी मनगटात गेलेली असते. एखादी बांगडी त्यांच्या हातून गेलीच तर ते "फुटली" म्हणत नाहीत. "वाढली" म्हणतात, आणि तिच्या जागी लगेच दुसरी भरतात. बांगडीच्या बाबतीत फुटणं-तुटणं हे शब्द त्यांच्या दुकानात कुणी उच्चारलेले त्यांना खपत नाहीत.

त्यांचा मुलगा सौंसरकडे कारखान्यात नोकरीला आहे, त्याला बांगड्यांत रस नाही. रस आहे सुनेला. मनीषा तिचं नाव. बारीक अंगाची, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. सासऱ्यांना चहा द्यायला दुकानात यायची आणि चहाचा कप परत न्यायला मुद्दाम उशीर करायची. त्यांचा हात कसा चालतो ते पाहून पाहून तिनं भरणं उचललं. आधी शेजारणींच्या हातावर केलं, मग नणंदेच्या. काकांनी शिकवलं नाही आणि तिनंही शिकवा म्हटलं नाही.

शेजारचं शटर रिकामं झालं तेव्हा तिनं विषय काढला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बाजारात शटरला फार मागणी आली आहे, आणि मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण त्या जागेवर डोळा ठेवून होताच. मनीषाचं म्हणणं असं, की बायका रस्त्यावर उभ्या राहून काउंटरवरून हात पुढे करतात. घट्ट बांगडी जाताना डोळ्यांत पाणी येतं आणि येणारे-जाणारे पाहतात. त्यांना आत बसायला जागा पाहिजे, पाणी पाहिजे, आरसा पाहिजे. आणि आत बांगड्या ती स्वतः भरणार.

काका म्हणाले, "सुनेनं दुकानात बसायचं अन् सासऱ्यानं पाह्यत राहायचं?"

"पाह्यत काऊन राहायचं? तुमचं काउंटर तुमच्यापाशी हाय ना बाबा," मनीषा म्हणाली.

शेवटी काकांनी शटर घेतलं, पण अट घालून. महालक्ष्म्यांपर्यंत, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींपर्यंत पाहायचं. तोवर बायका आत बसायला आल्या तर ठीक, नाहीतर जागा कव्हरवाल्याला आणि मनीषा घरात. ही अट त्यांनी माझ्यासमोर, आमच्या ह्यांच्याशी बोलताना सांगितली, तेव्हा मनीषा तिथेच उभी होती. तिनं पदर खोचला आणि नव्या जागेतला केर काढायला निघून गेली.

एकदा हो म्हटल्यावर मात्र काकांना भलताच उत्साह चढला. जाहिरात ते स्वतः घेऊन आले, पाठ करून. गोदामात गादीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाई." आणि खड्या आवाजात म्हणून दाखवलं:

"खुशखबर! खुशखबर! आपल्या वामनकाकांनी दुकान वाढवलं! होय, वामनकाकांनी बांगड्यांचं दुकान वाढवलं! महालक्ष्म्यांच्या निमित्तानं एकदा अवश्य भेट द्या!"

मी खूश झाले. वाक्यं छोटी, प्रत्येक वाक्य एकटं उभं राहणारं, नाव दोनदा, कुठे "नाही" नाही. माझ्या सवयीप्रमाणे हिंदीतही म्हणून पाहिलं, "वामनकाका ने दुकान बढ़ा दी है." तेही सरळ. दोन्ही भाषांत अर्थ एकच निघाला. माझ्या सगळ्या परीक्षांत ही जाहिरात पास झाली. आमच्या ह्यांनी ऐकली, शेषरावनं ऐकली, मनीषानंही ऐकली. कुणाला काही खटकलं नाही. सकाळी रिक्षा निघाली. बाजारात आणि स्टेशनकडे हिंदी, सावरगावात मराठी.

दुपारी शेषराव परत आला तो जरा घुटमळतच. "वहिनी," म्हणाला, "लोक मले हात जोडून राहिले."

"का रे?"

"काय मालूम. एक बाई म्हने, फार चांगला मानूस व्हता."

मी शेषरावकडे पाहिलं, शेषराव माझ्याकडे. मग मी ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हटलं, आणि या वेळी ते ओट्यावरच्या आजीच्या कानांनी ऐकलं. दुकान वाढवलं! अहो, आमच्याकडे संध्याकाळी शटर ओढताना दुकान बंद केलं असं कोण म्हणतं? वाढवलं असंच म्हणतात. मराठीत वाढवतात, हिंदीत बढ़ाते हैं. दोन्ही भाषांत पहिला अर्थ एकच होता तसा दुसराही एकच होता. आणि "एकदा अवश्य भेट द्या" हे शेवटचं भेटून घ्या असं वाजत होतं. वाक्य एकटं उभं राहावं म्हणून मी इतकी काळजी घेणारी! ते प्रत्येक दारात एकटं उभं राहून सांगत होतं, की वामनकाकांनी दुकान कायमचं बंद केलं.

मी चपला घातल्या आणि दुकानाकडे धावले. तिथे गर्दी. पण बायकांचे चेहरे पाहावेत तर कुणाच्या घरी सांत्वनाला आल्यासारखे. सत्तरीच्या एक काकू काउंटर धरून उभ्या होत्या. "काऊन वाढवलं जी दुकान?" त्या काकांना विचारत होत्या. "तब्येत बरी हाय ना? माह्या लग्नाचा चुडा तुमच्या बापानं भरला व्हता." दुसरी म्हणाली, "बांगड्याच्या दुकानाले वाढवलं म्हनू नये बाप्पा, अंगावर काटा येते." तिसरी उरलेला माल काय भावानं काढता म्हणून विचारत होती. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता, की तुमची ऑर्डर रद्द समजायची का. आणि या सगळ्यात तो कव्हरवाला टेप घेऊन आला होता आणि नव्या शटरची रुंदी मोजत होता.

काकांचा चेहरा उतरला होता. त्यांना मी रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मला पाहून ते एवढंच म्हणाले, "बाई, भोंगा बंद करा." मग नव्या जागेकडे पाहिलं. "अपशकुन झाला. बांगडीच्या धंद्यात असं बोलनं तोंडातून निघालं म्हन्जे देव काही सांगून राहिला. मी हे शटर देऊन टाकतो याले."

कव्हरवाल्यानं टेप गुंडाळला आणि मान डोलावली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला जागा हवी होती, बस.

मला वाटलं, संपलं. मी मनीषाला शोधू लागले. ती आत होती. नव्या जागेत सतरंजीवर त्या सत्तरीच्या काकूंना बसवून तिनं त्यांचा पंजा हातात घेतला होता. काकू डोळे पुसत होत्या आणि मनीषा विचारत होती, "तुमचं माहेर कुठलं वो काकू?" आणि बांगडी मनगटात जात होती. तिच्या मागे आणखी चौघी-पाचजणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणाच्या हातात पाण्याचा पेला, कुणी आरशात पाहते आहे. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. जी बाई रडत आली तिला ती म्हणे, आल्याच आहात तर बसा, रिकाम्या हातानं कशा जाता? दुकान बंद झालेलं नाही हेही ती सांगे, पण पंजा हातात घेतल्यावर.

काका तिथे आले आणि दारातच थांबले.

"बाबा," मनीषा हात न थांबवता म्हणाली, "सकायपासून किती बाया आल्या?"

"रडाले आल्या त्या."

"आल्या ना?"

काकांनी भिंतीला टेकून बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"यातल्या अर्ध्या तर किती वर्षांत आल्या नव्हत्या. पाकीट घेऊन काम भागवत व्हत्या. तुमी गेले म्हनून आल्या." तिनं जीभ चावली. "म्हन्जे दुकान गेलं म्हनून. महालक्ष्म्यांपर्यंत म्हटलं व्हतं ना तुमी? मंग तोवर तर राहू द्या."

काका काउंटरवर जाऊन बसले. शटर त्यांनी दिलं नाही आणि ठेवतो असंही म्हटलं नाही. कव्हरवाल्याला सांगितलं, "महालक्ष्म्या झाल्या का ये."

संध्याकाळी मनीषा आमच्या गोदामात आली. मी दिलगिरीची नवी जाहिरात तयार करून ठेवली होती. "ऐकण्यात गैरसमज झाला असल्यास" अशी सुरुवात होती. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "काकू, गैरसमज काढू नका ना. तो आपल्याच कामाचा हाय." मग गादीवर बसून, हातातल्या बांगड्या मागे-पुढे करत तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली:

"वामनकाकाच्या दुकानात बांगडी वाढली का लगेच दुसरी भरतात. दुकान वाढलं, तं लगेच दुसरं उघडलं. आता दोन हायेत. येऊन पाहा!"

मी पुन्हा म्हणायला लावलं. आणि पुन्हा. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे आणि अशी जाहिरात मला सुचलेली नाही, हे मी आमच्या ह्यांना सांगितलं, शेषरावला सांगितलं आणि नागपूरच्या भाच्यालाही फोन करून सांगितलं. जो शब्द बुडवायला निघाला होता, तोच तिनं कामाला लावला. तो शब्द तिला कुठून सापडला? सासऱ्यांच्या दुकानात चहाचा कप उचलायला उशीर करता करता सापडला.

मी फोन सरसावला तर ती संकोचून म्हणाली, "काकू, राग नका मानू. हे मी बोलू का? तुमचा आवाज साऱ्याच सेलचा हाय. हे आमच्या घरचं बोलनं हाय."

खरं सांगते, वाईट वाटलं. आमच्या गोदामातून माझ्या आवाजाशिवाय एकही जाहिरात कधी बाहेर गेली नव्हती. (तो बैलवाला सोडला तर.) आता मशीनचे आवाज निघालेत, फोनमध्ये लिहिलं की कुठलीशी बाई गोड आवाजात पांढुर्ण्याचं नाव भलतंच उच्चारते आणि दुकानदारांना ते चालतं. त्याचा मला राग येतो. मनीषाचा आला नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, फक्त गिळायला थोडा वेळ लागला. मी स्टुलावरून उठले आणि तिला बसायला सांगितलं. पहिल्यांदा तिचा आवाज कापला. दुसऱ्या वेळी ती काउंटरवर बोलल्यासारखी बोलली.

रिक्षा फिरली आणि लोक हसले. हसले म्हणजे काम झालं. ओट्यावरच्या बायका शेषरावला थांबवून पुन्हा वाजवायला लावत. पोळा गेला, दुसऱ्या दिवशी नदीवर दोन काठांची दगडफेक होते ती गोटमार झाली, महालक्ष्म्या तोंडावर आल्या. मनीषाच्या सतरंजीवर जागा मिळेना. पण काकांच्या काउंटरवरही गर्दी होतीच. जुन्या गिऱ्हाइकांना काकांचाच हात हवा असे आणि काका त्यांना आत जा म्हणत नसत. संध्याकाळी आत किती बायका बसून गेल्या हे विचारतही नसत. शटरबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मनीषा मला एकदा म्हणाली, "काकू, बाबा काही बोलूनच नाई राहिले." तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. बायका आल्या होत्या, पण जागेचा निकाल काकांच्या तोंडून निघायचा होता, आणि कव्हरवाला रोज दुकानासमोरून जाताना नमस्कार करत होता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी बांगड्या भरायला गेले. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझे हात वामनकाकांनीच भरले आहेत. काउंटरपाशी बायकांची रांग होती. माझा नंबर आला. सवयीनं मी हात पुढे केला.

काकांनी तो घेतला नाही.

"आत जा," म्हणाले.

मला वाटलं, थकले असतील. "काका, मी थांबते ना," मी म्हटलं. "माझ्या हाताला तुमची सवय आहे."

"हाय ना. म्हनूनच तुमाले सांगून राहिलो." त्यांनी हातातल्या बांगड्या काउंटरवर ठेवल्या. "मनीषापाशी जा. तिचा हात माह्याहून हलका हाय."

हे ते हळू बोलले नाहीत. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. बांगडीवाल्याजवळ दुसरं असतं काय हो? माल सगळ्यांचा एकाच ठिकाणाहून येतो, रंग तेच, खोके तेच. बाई एका दुकानात वर्षानुवर्षं येते ती हाताच्या हलकेपणासाठी. आणि तो हलका हात आता आपला नाही, सुनेचा आहे, असं काकांनी भर बाजारात सांगून टाकलं होतं.

माझ्या मागच्या बाईनं पिशवी उचलली आणि आत निघाली. तिच्या मागची निघाली. सत्तरीच्या त्या काकू तर सगळ्यांच्या पुढे. आत मनीषा एका मुलीचा पंजा हातात धरून तशीच थांबली होती. तिनं ऐकलं होतं. मान खाली घालून तिनं बांगडी सरकवायला घेतली, पण डोळ्यांतलं पाणी टपकन त्या मुलीच्या मनगटावर पडलं, आणि ते पाहून मलाही रडू आलं.

सतरंजीवर जागा मिळाल्यावर मी वळून बाहेर पाहिलं. काउंटरपाशी एकही बाई उरली नव्हती. काका एकटेच बसले होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.